ढालीवरचा सिंह आणि मांडवातला उंबर

दिवाळीच्या फराळाला कोणाकडे जावे आणि दिवाणखान्यात बसल्या बसल्या भिंतीवर नजर जावी, तर देवादिकांच्या आणि वडीलधाऱ्यांच्या तसबिरींच्या रांगेत हल्ली एक नवीन पाहुणा दिसू लागला आहे. चौकटीत एक ढाल, ढालीला दोहों बाजूंनी धरून उभे असलेले दोन सिंह, वर मुकुट, खाली फडफडती पट्टी आणि त्या पट्टीवर यजमानांचे आडनाव. अंधेरीचे घर असो की मुलुंडचे, आडनाव बदलते. सिंह तेच राहतात. भेटवस्तूंच्या दुकानात आडनाव सांगितले की अशी ढाल तयार करून मिळते. मुले विचारतात, “आजोबा, हे आपल्या घराण्याचे चिन्ह का?” आणि आजोबा चष्मा सारखा करीत, “असेल बुवा!” म्हणतात.

प्रश्न साधा आहे, पण त्याच्या उत्तरासाठी बराच मोठा फेरफटका करावा लागतो. चला तर, फराळाचे ताट हाती असेपर्यंत तो करून येऊ.

ढालीवर घराण्याचे चिन्ह काढण्याची रीत मूळची पश्चिम युरोपातली. इ.स.च्या बाराव्या शतकाच्या मध्यास ती तेथे रूढ झाली. शिरस्त्राणाने सरदारांचे तोंड झाकले जाऊ लागले होते. लढाईत आणि खेळातल्या झुंजींत आपला कोण, परका कोण हे लांबून कळेना. तेव्हा ढालीवर, झेंड्यावर आणि चिलखतावरच्या अंगरख्यावर ठळक रंगांत एक खूण काढू लागले. सोने आणि रुपे ह्या दोन धातूंचे रंग एका बाजूला, आणि तांबडा, निळा, काळा, हिरवा हे दुसऱ्या बाजूला. रंगावर रंग नको, धातूवर धातू नको, असा दंडक पडला. त्यात गूढ काही नाही. निळ्यावर काळे लांबून दिसत नाही, निळ्यावर पिवळे दिसते, एवढेच! पुढे बापाची ढाल मुलाने घ्यावी, धाकट्यांनी तिच्यात लहानसा फरक करावा, असे नियम झाले. ह्या खुणा ओळखणारे आणि त्यांची नोंद ठेवणारे दरबारी सेवकही आले. आपल्याकडचा भाट आणि चोपदार एकत्र केले तर जो गृहस्थ तयार होईल, साधारण तसे हे लोक. इंग्लंडात त्यांना तिसऱ्या रिचर्ड राजाने इ.स. १४८४ मध्ये सनद देऊन एक संस्थाच बांधून दिली. ती आजही लंडनमध्ये चालू आहे.

ह्या खुणांचा अभिमान लोकांना किती असावा? इ.स. १३८५ मध्ये दुसरा रिचर्ड स्कॉटलंडवर चालून गेला. त्या स्वारीत सर रिचर्ड स्क्रूप ह्या सरदाराला असे आढळले की, निळ्या ढालीवर सोनेरी तिरका पट्टा ही आपल्या घराण्याची खूण सर रॉबर्ट ग्रोव्हनर नावाचा दुसराच मनुष्य मिरवीत आहे. झाले, खटला उभा राहिला. तो पाच वर्षे चालला आणि शेकडो साक्षीदार तपासले गेले. त्यांत इंग्रजी काव्याचा जनक म्हणून ज्याला मानतात तो जेफ्री चॉसरही होता. त्याने साक्षीत सांगितले की, आपण लंडनच्या फ्रायडे स्ट्रीटवरून जात होतो, एका घरावर ही खूण टांगलेली पाहिली आणि तेथल्या माणसाला विचारले, “स्क्रूपांची ढाल ही कुठल्या उताऱ्यावर लावली आहे?” तो म्हणाला, “स्क्रूपांची नव्हे, ग्रोव्हनरांची.” हे नाव चॉसरने त्या दिवशी प्रथमच ऐकले! निकाल स्क्रूपच्या बाजूने लागला. ग्रोव्हनरने रुपेरी किनार लावून तीच ढाल वापरावी अशी तडजोड सुचविण्यात आली होती. पण प्रकरण राजापुढे गेले, आणि इ.स. १३९० मध्ये तीही परवानगी गेली. मग ग्रोव्हनरांनी निळ्यावर सोन्याची गव्हाची पेंढी घेतली. चीड मात्र पाचशे वर्षे टिकली असावी, कारण त्यांच्या वंशजाने आपल्या घोड्याला त्या ‘सोनेरी पट्ट्या’चेच नाव दिले, आणि त्या घोड्याने इ.स. १८८० ची डर्बी जिंकली.

ह्या खटल्यातून आपल्या भिंतीवरच्या तसबिरीसंबंधी एक गोष्ट निघते. इंग्रजी रिवाजाप्रमाणे ढाल आडनावाची नसते. ती एका माणसाची आणि त्याच्या औरस वंशजांची असते. आडनाव एक म्हणून ढाल एक, हे तेथेही कोणी मान्य करीत नाही. मग आडनावावरून ढाल देणारा दुकानदार काय विकतो, ते सांगायला नको.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. चौदाव्या शतकात बार्तोलुस नावाचा मोठा इटालियन धर्मशास्त्री होऊन गेला; म्हणजे आपण ज्याला कायदेपंडित म्हणू तसा. त्याने ह्याच विषयावर एक लहानसा ग्रंथ लिहिला आहे. त्याचे मत असे की, जसे नाव कोणीही घेऊ शकतो तसे चिन्हही कोणीही घेऊ शकतो. मात्र दुसऱ्याचे उचलून त्याचे नुकसान करू नये. तेव्हा नवे चिन्ह घेण्यात पाप नाही. जुने नसताना जुने म्हणण्यात मात्र लबाडी आहे.

आता आपल्याकडे येऊ. मध्ययुगात महाराष्ट्रात कुलचिन्हे होती काय? होती, आणि ती ह्या आपल्या उपनगरांच्या भूमीतच सापडतात. वांद्र्यापासून उत्तरेकडचे हे सारे बेट म्हणजे जुनी साष्टी. शिलाहारांच्या ताम्रपटांत तिला ‘षट्षष्टि’ म्हणजे सहासष्ट गावांचा प्रांत म्हटले आहे. ठाण्यास राजधानी असलेले हे उत्तर कोकणचे शिलाहार स्वतःला ‘सुवर्णगरुडध्वज’ म्हणवीत, आणि त्यांच्या ताम्रपटांच्या कडीवरील मुद्रेत गरुड बसलेला असे. गरुडच का? त्यांची कुलकथा अशी: नागांपैकी एकाने रोज गरुडाचे भक्ष्य व्हावयाचे असा करार होता. एका नागाची पाळी आली असता जीमूतवाहन नावाच्या विद्याधराने दया येऊन त्याच्या जागी शिळेवर स्वतःचा देह ठेवला. शिळेवर आहार झाला तो शिलाहार, आणि त्याचे आम्ही वंशज! कथा मोठी गोड आहे. हर्षाने तिच्यावर ‘नागानंद’ नाटक लिहिले. पण नीट पाहिले तर तिच्यात एक गंमत आहे. ज्याला खाल्ले तो पूर्वज, आणि ध्वजावर मात्र खाणारा! घराण्याच्या नावाची फोड करून कथा रचली, कथेवरून चिन्ह बसविले, असेच हे प्रकरण दिसते. नाव आधी, चिन्ह मागून. हा धागा वाचकांनी हाती धरून ठेवावा, पुढे उपयोगी पडेल.

देवगिरीचे यादव स्वतःला कृष्णाच्या वंशातले म्हणवीत, त्यामुळे त्यांच्याही मुद्रेवर गरुड. इ.स. १२६५ च्या सुमारास महादेव यादवाने कोकणावर हत्तींसह स्वारी केली. शेवटचा शिलाहार राजा सोमेश्वर जमिनीवर टिकला नाही, तो गलबतांवर चढला आणि समुद्रात बुडून मेला. महादेवाच्या क्रोधाग्नीपेक्षा त्याला वडवानल बरा वाटला, असे यादवांचा मंत्री हेमाद्री कवीच्या थाटात सांगतो. बोरिवलीच्या पश्चिमेस एकसर गावी जे उंच वीरगळ आहेत, त्यांवर वल्ह्यांची गलबते आणि हत्तींची झुंज कोरलेली आहे. ते ह्याच युद्धाचे स्मारक असावे असे काही अभ्यासक मानतात; दुसरे काही ते त्याहून जुने ठरवितात. पहिले मत धरले, तर त्या दिवशी खाडीच्या तोंडाशी दोन्ही बाजूंना गरुडध्वजच फडकत असणार. स्क्रूप आणि ग्रोव्हनर न्यायालयात भांडले. आमचे गरुडध्वज समुद्रात. बोरिवलीकरांनी दिवाळीच्या सुटीत मुलांना घेऊन एकदा ते दगड पाहून यावेत. वाट वाकडी करावी लागत नाही.

तेव्हा राजघराण्यांना लांछने होती. चालुक्यांचा वराह, गोव्याच्या कदंबांचा सिंह. तो सिंह तर आज गोव्याच्या कदंब वाहतूक महामंडळाच्या गाडीवर बसून पणजी-मडगाव करतो. पण सामान्य घराण्यांचे काय? आणि शिवकालात काय झाले?

शिवकालात एक मोठी विलक्षण गोष्ट दिसते. शिवाजी महाराजांची मुद्रा अष्टकोनी आहे, आणि तिच्यावर ना सिंह, ना गरुड, ना तलवार. नुसती अक्षरे आहेत! प्रतिपदेच्या चंद्रकोरीसारखी वाढत जाणारी ही शहाजीपुत्र शिवाजीची मुद्रा लोकांच्या कल्याणासाठी शोभते, असा तिचा भावार्थ. पुढे छत्रपती आणि पेशवे ह्यांच्या शिक्क्यांतही अक्षरांनाच मान राहिला. पत्राच्या माथ्यावर शिक्का आणि मजकूर संपला तेथे मोर्तब. दोहोंच्या मध्ये कोणाला एक अक्षर घुसडता येऊ नये. ज्या देशात कागदाला एवढी किंमत होती, तेथे घराण्याची ओळख चित्रापेक्षा शब्दात ठेवणे साहजिक होते. निशाणे होती: भगवा झेंडा होता, जरीपटका होता. पण जरीपटका ही घराण्याची मिळकत नव्हे. तो सेनापतीला मिळणारा मान. तीच गोष्ट मोगलांच्या माहीमरातबाची. काठीवर बसविलेला तो मासा बादशहाने दिला तर मिरवावयाचा. महादजी शिंद्यांनी इ.स. १७९२ मध्ये दिल्लीहून वकील-इ-मुतलकीची वस्त्रे पुण्यास आणली तेव्हा असली बादशाही मानचिन्हे पुणेकरांनी डोळे भरून पाहिली. ती पदाची चिन्हे होती, रक्ताची नव्हेत.

रक्ताचे चिन्ह दुसरीकडेच होते, आणि ते ढालीवर नव्हते. ते लग्नाच्या मांडवात होते. त्याचे नाव देवक.

देवक म्हणजे कुळाने पूज्य मानलेली वस्तू. बहुधा झाड किंवा वेल. कधी पिसारा, कधी शंख, कधी हत्यार. लग्नाच्या आधी ती वाजतगाजत आणावयाची, मांडवाच्या मेढीला बांधावयाची, तिची पूजा करावयाची. ते झाड तोडायचे नाही, त्याचे फळ खायचे नाही, असेही पुष्कळ कुळांत पाळीत. आणि खरा दंडक असा की, ज्यांचे देवक एक ते भाऊबंद. त्यांच्यात सोयरीक होत नाही. म्हणजे ढाल शत्रूला ओळखण्यासाठी, तर देवक सोयऱ्याला ओळखण्यासाठी. मला तर आमची ही सोय अधिक शहाणपणाची वाटते. पण हा पक्षपात समजून वाचकांनी तो सोडून द्यावा.

देवक केवळ मराठ्यांचेच नव्हे. कुणबी, कोळी, आगरी आणि इतर अनेक जातींत ते आहे. एन्थोव्हेन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने मुंबई इलाख्यातील जातीजमातींवर इ.स. १९२० ते १९२२ मध्ये तीन खंड प्रसिद्ध केले, त्यांत देवकांच्या याद्याच आहेत. त्यांतली आणि घरोघरी सांगितली जाणारी काही नावे पाहा. मोऱ्यांचे देवक मोराचे पीस. साळुंख्यांचे साळुंकीचे पीस. कदमांचे कळंब. पवारांचे तरवारीची धार. आणि पवारांची जुनी नगरी कोणती, तर धार! युरोपातल्या ढालींतही हाच खेळ आहे. स्पेनमधील कॅस्टील राज्याच्या ढालीवर किल्ला, कारण त्या नावाचा अर्थच किल्ला. लेओनच्या ढालीवर सिंह. अशा चिन्हांना तिकडे ‘बोलकी चिन्हे’ म्हणतात. शिलाहारांच्या वेळी धरलेला धागा येथे पुन्हा हाती येतो. मोऱ्यांनी मोर पुजला म्हणून ते मोरे झाले, की मोरे होते म्हणून मोर पुजला? दोन्ही बाजूंनी बोलणारे विद्वान आहेत. आणि कदमांसाठी एक सूचना: कळंब आणि बागेत लावतात तो मोठ्या पानांचा कदंब ही दोन वेगळी झाडे आहेत, जरी चेंडूसारखी फुले दोहोंनाही येतात. लग्नाच्या आदल्या दिवशी माळ्याला नुसते ‘कदंब’ म्हणून सांगितले तर तो कोणते डहाळे आणील ह्याचा नेम नाही.

शिंद्यांची कथा सर्वांना ठाऊक आहे: उन्हात निजलेल्या मुलावर नागाने फणा धरला, आणि म्हणून ग्वाल्हेरच्या चिन्हात नाग. पण मध्ययुगात दक्षिणेत सिंद नावाची घराणी राज्य करीत होती आणि ती स्वतःला नागवंशी म्हणवीत. शिंदे हे त्या सिंदांपैकी असोत वा नसोत, नाग मात्र त्या बालकाच्या डोक्यावर फणा धरण्याच्या कितीतरी शतके आधीपासून ह्या नावाच्या आसपास वावरत होता. घोरपड्यांचेही तसेच. घोरपडीला दोर बांधून किल्ला चढल्याची कथा त्यांच्या पूर्वजाची म्हणून सांगतात, आणि तीच कथा सिंहगडावर तानाजीच्या नावाने सांगतात. घोरपड एक, किल्ले दोन!

आता थोडे अप्रिय बोलावे लागेल. शहाण्णव कुळींच्या ज्या याद्या छापलेल्या मिळतात, त्यांत प्रत्येक कुळापुढे वंश, गोत्र, वेद, निशाणाचा रंग, घोड्याचा रंग, दसऱ्याला पुजायचे शस्त्र आणि देवक असे सारे रकाने शिस्तीने भरलेले असतात. पण दोन याद्या शेजारी ठेवल्या तर त्या जुळत नाहीत. एकीत ज्याचे देवक पंचपल्लव, दुसरीत त्याचेच काही निराळे. कुळांची नावे मोजली तर शहाण्णवाच्या पुढे जातात. वंश सूर्याचा की सोमाचा, ह्यावरून तर घराघरांत मतभेद. गोत्र पुष्कळ ठिकाणी पुरोहिताकडून आले. ह्या साऱ्या रकान्यांपैकी ज्याला व्यवहारात पिढ्यान्‌पिढ्या काम होते, तो रकाना देवकाचा. कारण त्यावर लग्ने जुळत आणि मोडत. बाकीचे रकाने बरेचसे मिरवण्याचे. त्यांच्या आधारे ‘आम्ही वरचे, तुम्ही खालचे’ असे जेव्हा कोणी ऐकवितो, तेव्हा इतिहास त्याच्या मदतीला येत नाही. रानातले उंबराचे झाड पाटलाच्याही मांडवात जाते आणि कोळ्याच्याही.

उंबरावरून साष्टीतल्याच एका समाजाची गोष्ट निघते. मरोळ, कुर्ला, वांद्रे, गोराई ह्या भागांतले जुने ख्रिस्ती, जे इ.स. १८८७ पासून स्वतःला ईस्ट इंडियन म्हणवितात, ते ह्याच भूमीतले कुणबी, कोळी, भंडारी. इ.स. १५३४ मध्ये वसई आणि साष्टी पोर्तुगिजांकडे गेली. पुढे ज्यांनी बाप्तिस्मा घेतला त्यांना परेरा, डिसोझा अशी आडनावे मिळाली. वसईच्या किल्ल्यातील पडक्या देवळांत पोर्तुगीज सरदारांच्या कबरींवरील दगडांत कोरलेल्या खऱ्याखुऱ्या ढाली अजून पाहता येतात. जुन्या गोव्यात सेंट फ्रान्सिसच्या देवळाची तर सबंध फरशीच अशा दगडांची आहे. पोर्तुगालच्या परेरांची ढाल तांबडी, तिच्यावर टोकांना फुले असलेला रुपेरी क्रूस. ती मरोळच्या परेराने भिंतीवर लावावी काय? शोभेसाठी जरूर लावावी. पण त्याचे आडनाव रक्ताने आलेले नाही, बाप्तिस्म्याच्या पाण्याने आले आहे. त्याच्या घरी लग्न निघाले म्हणजे मात्र बँड लावून बायका विहिरीवर जातात, आणि नवऱ्यामुलाच्या अंघोळीसाठी पाणी आणतात. त्या विधीचे नाव आहे ‘उंबराचे पाणी’. चारशे वर्षांत देव बदलला, आडनाव बदलले, पोशाख बदलला. उंबर गेला नाही. माझ्या मते ह्या मंडळींचे मध्ययुगीन कुलचिन्ह शोधावयाचे तर ते ह्या विहिरीच्या काठी आहे, लिस्बनला नाही.

ज्यांनी उघडपणे नवी ढाल घेतली अशीही माणसे मुंबईत झाली, आणि त्यांत कमीपणा काही नव्हता. सर जमशेटजी जीजीभाई हे इ.स. १८५७ मध्ये बॅरोनेट झालेले पहिले हिंदी गृहस्थ. त्यांनी घेतलेल्या ढालीवर निळ्या आभाळाखाली सह्याद्रीचे डोंगर आहेत, त्यांवर उगवता सूर्य आणि वर उडणाऱ्या दोन मधमाश्या. डोक्यावर गव्हाचे कणीस चोचीत धरलेला मोर. आणि ब्रीद, उद्योग व औदार्य. कोठल्या शूर पूर्वजाचा आव नाही, कोठे तलवार नाही. मधमाशी ही व्यापाऱ्याची खूण, आणि डोंगर आपल्या दारचे. त्यांच्या पत्नी आवाबाई ह्यांनी सुमारे दीड लाख रुपये दिले म्हणून इ.स. १८४५ मध्ये माहीमचा बांध झाला आणि साष्टीची माणसे पायी मुंबईस येऊ लागली. उपनगरांवर एवढे उपकार करणाऱ्या घराण्याने दोन मधमाश्या लावल्या, तर त्या शोभल्याच म्हणायच्या.

इ.स. १८७७ च्या दिल्ली दरबारातला प्रकार निराळा. लॉर्ड लिटनने संस्थानिकांना एकेक रेशमी निशाण देण्याचे ठरविले, आणि बंगालच्या मुलकी खात्यातला रॉबर्ट टेलर नावाचा अधिकारी प्रत्येकासाठी युरोपी पद्धतीची ढाल रचण्यास बसला. घराण्याची दंतकथा, देव, प्राणी, प्रदेश असे काही काही घेऊन त्याने ती कामगिरी पार पाडली. निशाणांच्या पितळी काठ्या इतक्या जड झाल्या की, एकेक उचलायला दोन धट्टेकट्टे हायलंडर शिपाई लागले! त्या दरबारात बडोद्याचे सयाजीराव होते, वय तेरा वर्षे. दोन वर्षांपूर्वीपर्यंत नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याला गुरांमागे धावणारे हे पोर. संस्थानांच्या कागदांवर आणि राजवाड्यांच्या फाटकांवर जी चिन्हे आपण ‘पुरातन’ म्हणून पाहतो, त्यांचा थाट पुष्कळदा ह्या टेलरसाहेबाच्या टेबलावरचा आहे. आमच्या दुकानदाराचे मूळपुरुष हेच म्हणायला हरकत नाही.

मग ज्याला आपले खरे चिन्ह शोधावयाचे असेल त्याने करावे काय? प्रथम आडनाव बाजूला ठेवावे. कुलकर्णी, देशमुख, पाटील, चौगुले ही कामांची नावे. ‘कर’ लागलेली गावांची. दोन पाटील म्हणजे एक कुळ नव्हे. नंतर घरातल्या सर्वांत वयस्क बाईला विचारावे, कारण देवक पुरुषांपेक्षा बायकांच्या लक्षात राहते. मांडवात ते बांधताना त्याच उभ्या असतात. तिसरी जागा मूळ गावचा गुरव. कोल्हापूर-बेळगावकडच्या कुटुंबांना हेळवी भेटतात. हे लोक पिढ्यान्‌पिढ्या घराण्यांच्या वंशावळी सांगत आले आहेत. आणि नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडे नामावळींच्या वह्या आहेत. त्यांत यात्रेकरूंनी स्वतः सांगून लिहविलेली आजा-पणजांची नावे सापडतात.

एवढे मात्र ध्यानात असू द्यावे, की ह्या वह्या पुष्कळदा गावावरून लावलेल्या असतात. घाटकोपरचा पत्ता सांगून तेथे काही निघत नाही. पणजोबा कोठून आले त्या गावाचे नाव, आणि ते बदलले असेल तर जुने नाव, निघण्यापूर्वी विचारून घ्यावे. विचारण्यासारखे कोणी घरात आहे तोवर.